वेळ गेला, वेळ गेली

आपल्या मंडळाच्या कार्यवाहांनी निमंत्रणपत्रात ‘वेळात वेळ काढून यावे’ असे अगत्याने लिहिले आणि खाली ‘कार्यक्रम वेळेवर सुरू होईल’ अशी सूचना दिली. ही दोन वाक्ये एकाच कागदावर वाचून मला जो आनंद झाला, त्यापोटीच आजचा विषय मी ठरवला. शब्द एकच, परंतु ‘वेळात’ म्हणताना तो पुल्लिंगी होऊन अवधी सांगतो आणि ‘वेळेवर’ म्हणताना स्त्रीलिंगी होऊन नेमकी घटका दाखवतो. ‘तयारीत वेळ गेला’ म्हणजे काळ खर्ची पडला. ‘सांगायची वेळ गेली’ म्हणजे प्रसंग हातचा निसटला. आणि तोच शब्द ‘औषध तीन वेळा घ्यावे’ असा आला म्हणजे केवळ आवृत्ती मोजतो.

आपल्या मुलांच्या नित्य बोलण्यातला इंग्रजी ‘टाइम’ हीच तिन्ही कामे करतो. पण त्याला लिंग नाही, त्यामुळे त्याच्या क्रियापदाला अर्थाची साक्ष देता येत नाही. आपल्याकडे मात्र ‘गेला’ की ‘गेली’ एवढ्या एका स्वराच्या भेदाने बोलणाऱ्याचा सारा आशय उघड होतो, आणि ही व्यवस्था मला मराठीच्या थोर संपत्तीपैकी एक वाटते. ‘मानेचा पट्टा’ वैद्य देतो, ‘मानाचा फेटा’ गाव बांधते. माळेत मणी ओवतात, माळावर गुरे चरतात. म्हणून मुलाला संभ्रम पडला, तर अर्थांची यादी पाठ करून न घेता त्या शब्दाला ‘ला’ किंवा ‘त’ जोडून पुरे वाक्य त्याच्याकडून बोलवून घ्यावे.

(येथे एका श्रोत्यांनी ‘लागणे’ या क्रियापदाविषयी विचारले.) प्रश्न रास्त आहे, कारण तेथे लिंगाची मदत मुळीच नाही. ठेच लागते, भूक लागते, आंबा गोड लागतो, दिवे लागतात, निकाल लागतो, आणि वर्षाचे मूल बोलू लागते. या ठिकाणी सोबतचा शब्दच अर्थ ठरवतो, तेव्हा ‘लागणे’ एकटे शिकवूच नये.

एका भगिनींनी घरच्या मोडी कागदातील ‘कसबे मजकूर’ याचा खुलासा मागितला. आज आपण मजकूर म्हणजे लिहिलेला भाग समजतो; दप्तरातील कारकून मात्र ‘वर उल्लेखिलेला’ या अर्थी तो नामाच्या मागून लिहीत असे, आणि ही धाटणी फारसीची. तेव्हा ‘कसबे मजकूर’ म्हणजे सदरहू कसबा; त्यात कसब्याविषयीचे लेखन शोधू नये.

कोश कोणता वापरावा, असेही विचारले गेले. मोल्सवर्थचा कोश 1831 साली निघाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती 1857 साली. तो आजही घरात असावा. त्यात नामाशेजारी लिंग दर्शवणारे अक्षर असते, मुले ते ओलांडून थेट पहिल्या अर्थावर जातात. बोट आधी त्या अक्षरावर ठेवायला लावावे. आरंभ ‘माळ’ या शब्दापासून करता येईल.