सहा फुटांचें अंतर

जर्मनींतील आनहाउझेन या खेड्यांत १९५७ सालीं एका गवंड्याच्या घरीं बर्नहार्ड लांगरचा जन्म झाला. लहानपणींच तो जवळच्या गॉल्फ-मैदानावर खेळणारांच्या काठ्यांची पिशवी वाहूं लागला आणि पाहून पाहूनच खेळ शिकला. पंधराव्या वर्षीं शाळा सोडून त्यानें हाच धंदा पत्करला. (आम्हां मास्तरांस हें रुचावयाचें नाहीं!) पुढें मोठें संकट आलें. चेंडू खळगींत हळूच लोटावयाच्या क्षणींच त्याचे हात कांपूं लागले. गॉल्फपटूस याहून मोठा शाप नाहीं. काठी धरण्याच्या नव्या तऱ्हा त्यानें चिकाटीनें शोधल्या व १९८५ सालीं अमेरिकेंतील 'मास्टर्स' स्पर्धा जिंकली.

तरीहि मन रितेंच राहिलें. तो कॅथॉलिक घरांत वाढला होता. पण ख्रिस्तावरील जिवंत श्रद्धा त्यास या विजयानंतर, खेळाडूंच्या बायबल-वाचनाच्या बैठकींत, गवसली.

श्रद्धेनें नेम हटकून लागतो, असें मात्र नव्हे. १९९१ च्या रायडर चषकांत त्याचा सहा फुटांवरचा अखेरचा टोला हुकला व युरोपचा संघ एका गुणानें हरला. पुढच्याच आठवड्यांत त्यानें स्वदेशांतील स्पर्धा जिंकली. आणि १९९३ सालीं, ईस्टरच्या रविवारीं, पुन्हां 'मास्टर्स'.