कुदळ मारण्यापूर्वी
(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषणाचा मजकूर)



जीर्णोद्धार म्हणजे जुन्याला नवे बळ देणे. परंतु नवा पाया खणताना खाली जुने काय मोडते, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आजच्या शुभप्रसंगी त्याविषयीच चार शब्द.

जळकोट परिसरात काळी पिकाची आणि पांढरी वस्तीची, हे लहान मुलालाही ठाऊक आहे. पडलेल्या घरांची माती, चुलीची राख, खापरे, हाडे पिढ्यान्‌पिढ्या साचून पांढरीचे टेकाड बनते. तेच पूर्वजांचे दप्तर होय. धाब्यावर घालण्यासाठी, शेतात टाकण्यासाठी गावोगाव ही माती उचलली गेली. तिच्याबरोबर दप्तराची पानेही गेली.

धाराशिव जिल्ह्यातील तेर पाहा. हेच प्राचीन तगर. दोन हजार वर्षांपूर्वी येथील माल भडोच बंदरातून रोमपर्यंत जाई. तेथे सापडलेल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षे जपल्या. आज त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय तेथे उभे आहे. त्यातील हस्तिदंती बाहुलीसारखीच एक मूर्ती इटलीतील पाँपेई येथे मिळाली. ते शहर इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. वस्तू जपली तर एवढे कळते. ती किती खोल, कोणत्या भिंतीलगत होती हेही टिपले, तर त्याहून अधिक कळते. म्हणून जाणकार लोक खणण्याआधी जमिनीची तपासणी करतात.

ही तपासणी आपल्याला नवी नाही. विहिरीची किंवा बोअरची जागा पाहताना लोखंडी खुंट्या ठोकून, तारा जोडून वीज सोडतात, ते अनेकांनी पाहिले आहे. बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीज जाते आणि आतल्या दोन खुंट्यांवर मोजमाप होते. ओल्या मातीतून वीज सहज जाते, दगडी भिंत तिला अडवते. खुंट्यांतील अंतर वाढवले की अधिक खोलीचा अंदाज येतो. सन 1946 मध्ये इंग्लंडातील डॉर्चेस्टर येथे ॲटकिन्सन यांनी याच रीतीने जमिनीखालचे बुजलेले प्राचीन खंदक शोधले. इटलीत लेरिची यांनी आधी यंत्राने जागा हेरली, मग लहान छिद्र पाडून त्यातून कॅमेरा आत सोडला. सन 1958 मध्ये तार्क्विनिया येथे रथांच्या शर्यतीची चित्रे असलेले थडगे अशा शोधातूनच उजेडात आले.

प्रत्येक यंत्र प्रत्येक मातीत चालत नाही. भाजलेल्या मातीत चुंबकत्व राहते, म्हणून चुंबकमापकाने जुन्या भट्ट्या सापडतात. पण आपला काळा पाषाण स्वतःच चुंबकीय असल्याने तेथे गोंधळ होतो. जमिनीत लहरी सोडणारे रडार ओल्या काळ्या मातीत फार खोल जात नाही. काळ्या मातीत पुरलेली दगडी भिंत शोधायला खुंट्यांची रीत बरी. तरीही यंत्र केवळ फरक दाखवते. तो बारवेचा काठ की नुसता खडक, हे शेवटी जपून केलेल्या खोदकामानेच ठरते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हे यंत्र गुप्तधनाचे नव्हे. हंड्याच्या लोभाने रात्री गाभारे व समाध्या उकरणाऱ्यांनी गावांचा इतिहास फोडला. हाती बहुधा मातीच लागली. कायदाही जुना आहे. सन 1878 च्या अधिनियमानुसार जमिनीत पुरलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावे लागते.

तेव्हा बांधकाम समित्यांना एवढीच विनंती. पाया आखण्यापूर्वी राज्य पुरातत्त्व विभागास पत्र द्यावे. शक्य असेल तेथे तपासणी करून घ्यावी. खणताना घडीव दगड, वीरगळ, शिलालेख किंवा विटांची भिंत लागली, तर काम तेथेच थांबवावे, जागेवरच फोटो घ्यावा, खोली टेपने मोजून वहीत लिहावी. जुना दगड पायात भरू नये, त्याला ऑइलपेंट फासू नये.

चार दिवस काम थांबले तर देव रागावणार नाही. कळस पुन्हा उभारता येतो. उकरलेली पांढरी मात्र पुन्हा रचता येत नाही.