घराचें तोंड कोणीकडे?

पुण्याच्या एखाद्या नव्या वसाहतींत जागा घेणारें कुटुंब प्रथम खोल्या मोजतें. दिवाणखाना केवढा, स्वयंपाकघर कोठें, मोटार कोठें उभी करावयाची, याचा खल आठवडेच्या आठवडे चालतो. घराची लांब बाजू कोणत्या दिशेस यावी, हा प्रश्न मात्र समोरच्या रस्त्यानें परस्पर सोडविलेला असतो. पुढें खिडकी बदलतां येते, गच्चीवर सूर्यावर चालणारीं वीजयंत्रें बसवितां येतात. उभें घर फिरवितां येत नाहीं.

पुणें साडेअठरा उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरच्या मध्यान्हीं तेथील सूर्य दक्षिणेस क्षितिजापासून सुमारें ४८ अंश उंच असतो. २१ जूनला तो डोक्यावरून किंचित् उत्तरेकडे कललेला असतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला कीं उन्हाळ्यांत दुपारचें ऊन बाहेर राहतें आणि थंडींत तें खालच्या तावदानांतून आंत येतें. पश्चिमेची गोष्ट निराळी. तिकडचें ऊन तिरपें येतें, त्यास छज्जा पुरत नाहीं. एप्रिलांत दुपारभर तापलेली भिंत रात्रीचीं जेवणें आटोपल्यावरही खोलींत उष्णता सोडीत राहते. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोनें २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या इको-निवास संहितेंत, थंड प्रदेश वगळतां, भिंतीखिडक्यांतून शिरणाऱ्या उष्णतेस दर चौरस मीटरला सरासरी १५ वॅटची मर्यादा आहे. त्या हिशेबांत पुण्याच्या अक्षांशावर पश्चिमेच्या भिंतीस उत्तरेच्या भिंतीहून सुमारें पावणेदोन पट भार दिलेला आहे.

तेव्हां घराच्या लांब बाजू उत्तरेस व दक्षिणेस असाव्यात. जिना, न्हाणीघर, कोठीची खोली पश्चिमेस जावी. परंतु उन्हाळ्याचा व पावसाळ्याचा वारा बहुतेक पश्चिमेकडूनच येतो! ती बाजू अजिबात बंद केली तर घर कोंदट होतें. अशा वेळीं लहान खिडकी, तिला लांकडी पट्ट्यांची झडप, आणि पुढें एक कडुनिंब हा जुना तोडगाच बरा. दुर्दैव असें कीं, नेमकें त्याच जागीं पूर्वींपासून असलेलें झाड आराखडा येण्यापूर्वींच तोडलेलें असतें.

पाण्याचा विचार याहूनही कमी होतो. शंभर चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे शंभर लिटर पाणी. सातशें मिलिमीटर पडला तर सत्तर हजार लिटर. अंगणास सरसकट कोबा केला कीं तें सारें रस्त्यावर जातें. शोषखड्डा खणणें चांगलें, पण मुरूम लागेल तेथेंच. खालीं अखंड काळा पत्थर असतां खणलेला खड्डा डांसांचा हौद होतो.

जागेचा उतार कोठें जातो, हेंही पाहावें लागतें. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं आंबिल ओढ्याला पूर आला. कात्रजकडून येणारें तें पाणी सोसायट्यांच्या आवारांत आणि काठच्या वस्त्यांत शिरलें. अनेकांचे प्राण गेले, मोटारी वाहून गेल्या. एरव्हीं कोरड्या वाटणाऱ्या त्या पात्रांत वर्षानुवर्षें भराव पडत आला होता. जागा पाहावयास गिऱ्हाईक बहुधा हिवाळ्यांतल्या एखाद्या रविवारीं सकाळीं जातें. त्यानें मेच्या दुपारीं चार वाजतां एकदां आणि जुलैच्या मुसळधार पावसांत एकदां जावें, आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसास पाणी कोठवर येतें तें विचारावें.