जुन्या बसगाड्यांचे जतन : छंद आणि सामाजिक ठेवा



नाणी, टपाल तिकिटे किंवा जुनी हस्तलिखिते जमविणारे छांदिष्ट आपल्याकडे ठायी ठायी आढळतात. परंतु सात-आठ टन वजनाची अख्खी बसगाडी जतन करण्याचा छंद असू शकतो, ही कल्पनाच अनेकांना नवी वाटेल. ब्रिटनमध्ये हा छंद गेली सहा-सात दशके चांगलाच रुजला आहे, आणि त्याचा इतिहास आपल्यालाही बोधप्रद आहे.

१९५६ साली काही हौशी मंडळींनी पदरमोड करून लंडनची एक जुनी बस विकत घेतली. १९२९ साली बांधलेली ही 'टी ३१' क्रमांकाची एईसी बनावटीची गाडी खाजगी प्रयत्नाने जतन झालेली त्या देशातील पहिली बस मानली जाते. पुढे १९६२ मध्ये जुन्या व्यावसायिक वाहनांची लंडन ते ब्रायटन अशी फेरी सुरू झाली. १९६९ साली सँडटॉफ्ट येथील जुन्या विमानतळाच्या जागेवर स्वयंसेवकांनी ट्रॉलीबसचे संग्रहालय उभारण्यास प्रारंभ केला. ब्रिटनच्या रस्त्यांवरील अखेरची ट्रॉलीबस १९७२ मध्ये ब्रॅडफर्ड येथे थांबली. म्हणजे गाड्या बंद होण्यापूर्वीच त्यांच्या जतनाची सिद्धता झालेली होती. हे दूरदर्शित्व ध्यानात घेण्याजोगे आहे.

हा छंद वरवर वाटतो तितका सोपा नाही. जुन्या बसचा सांगाडा बहुधा लाकडी असे. बाहेरचा पत्रा चकचकीत दिसत असला तरी आतील लाकूड ओलाव्याने कुजलेले असते, म्हणून पक्के छप्पर ही पहिली गरज ठरते. लंडनच्या सुप्रसिद्ध रूटमास्टर बसची बांधणी अॅल्युमिनियमची होती. तिच्या २,८७६ गाड्या तयार झाल्या, आणि नियमित सेवेतून ती २००५ मध्ये निवृत्त झाली. एकाच नमुन्याच्या इतक्या गाड्या असल्यामुळे एकीचे सुटे भाग दुसरीला वापरता येतात. ज्या नमुन्याच्या मोजक्याच गाड्या उरल्या, तेथे मात्र एखादा दट्ट्या किंवा दंतचक्र नव्याने घडवून घ्यावे लागते. तद्वतच गाडी रस्त्यावर चालवावी तर मूळ भाग झिजतात, आणि नुसती उभी ठेवावी तर यंत्र गंजते. या दोहोंचा मेळ घालणे हीच जतनकर्त्याची खरी कसोटी होय.

आता आपल्याकडे वळू. मुंबईत पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर धावली. १९३७ मध्ये दुमजली बस आली. १९६२ ते १९७१ या काळात ट्रॉलीबसही धावली. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर मार्गावर निघाली. खेड्यातील मुलगा शाळेत, रुग्ण तालुक्याच्या दवाखान्यात आणि शेतकरी बाजारपेठेत पोहोचला तो या गाडीमुळे. राजेमहाराजांच्या मोटारी जपल्या गेल्या. सामान्य माणसाची गाडी मात्र भंगारात गेली. बेस्टने आणिक आगारात संग्रहालय उभारून या दिशेने स्तुत्य पाऊल टाकले. तथापि राज्याचा व्याप पाहता तेवढे पुरेसे नाही.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांची, तसेच परिवहन उपक्रमांच्या बसगाड्यांची नोंदणी रद्द करून त्या मोडीत काढण्याचा केंद्राचा नियम लागू झाला. प्रदूषण व सुरक्षितता या दृष्टीने तो योग्यच आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईच्या जुन्या डिझेल दुमजली बसने निरोप घेतला. २०२१ साली केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे खास नियम केले, परंतु त्यांत दुचाकी व मोटारी यांचाच समावेश झाला. बसचा झाला नाही. म्हणून बसचे जतन करावयाचे, तर ती रस्त्यावर चालविण्याचा हट्ट सोडून छपराखाली उभी ठेवण्याचा मार्ग अधिक व्यवहार्य ठरतो.

यासाठी मोठा निधीच हवा असे नाही. प्रत्येक नमुन्याची निदान एक गाडी मोडीत निघण्यापूर्वी बाजूला काढता येईल. शाळांना तिकिटांची पत्र्याची पेटी, तिकीट छिद्रक, मार्गफलक व जुनी वेळापत्रके जमविता येतील. निवृत्त चालक, वाहक आणि कारागीर यांच्या आठवणी विद्यार्थ्यांनी टिपून घ्याव्यात. गावात पहिली एस. टी. कोणत्या वर्षी आली, तिच्यासाठी रस्ता कोणी श्रमदानाने केला, याची नोंद पंचायतींनी दप्तरी ठेवावी. गाडीचा पत्रा एक वेळ पुन्हा घडविता येईल. परंतु ती पहिली गाडी पाहिलेली पिढी आज वार्धक्यात आहे, आणि तिचे बोल नंतर कोणत्याही कारखान्यात घडविता येणार नाहीत. या कामाचा आरंभ तिच्यापासूनच व्हावा.