नाणें वाजवून घ्यावें

रुपया वाजवून घेण्याची चाल ज्या पिढीनें पाहिली, ती पिढी आतां जवळजवळ संपली. बाजाराच्या दिवशीं धान्य विकून निघालेला शेतकरी हातीं पडलेला रुपया दुकानाच्या दगडी पायरीवर टाकी आणि कान देऊन ऐके. नाद खणखणीत निघाला तर रुपया कनवटीस जाई. बद्द वाजला तर तो जागच्या जागीं परत होई. त्याच्याही मागें, पेशवाईच्या काळांत, अंकुशी, चांदवडी अशा नाना तऱ्हेच्या रुपयांचा चलनांत सुळसुळाट असे. तेव्हां कोणता रुपया किती कसाचा आणि त्यावर बट्टा किती, हें ठरविण्यास पोतदार व सराफ लागत. सारांश, नाणें दिसतें कसें यापेक्षां तें वाजतें कसें, तोलास उतरतें कसें, याला महत्त्व होतें.

आतां काळ पालटला. जुनीं नाणीं चलनांतून गेलीं आणि संग्राहकांच्या पेट्यांत जाऊन बसलीं. त्यांची खरेदीविक्रीही पेठेंतून उठून मोबाइलच्या पडद्यावर आली. तेथें लिलाव लागतो, बोली चढते, ठरलेल्या वेळीं लिलाव बंद होतो आणि नाणें टपालानें घरीं येतें. या व्यवहारांत सोय पुष्कळ आहे. आडगांवच्या विद्यार्थ्यालाही दूरच्या शहरांतील नाणें त्यामुळें पाहावयास मिळतें, आणि प्रामाणिक व्यापारीही तेथें आहेत. परंतु छायाचित्र दगडावर टाकून वाजवितां येत नाहीं. ग्राहकाच्या हातीं असतें तें एक चित्र आणि चार ओळींचें वर्णन. म्हणून आज वाजवून पाहावयाचे ते शब्द.

तालुक्याच्या गांवीं राहणारे एक सेवानिवृत्त कारकून डोळ्यांपुढें आणावे. वडिलांच्या वेळची एक पत्र्याची डबी त्यांच्याजवळ आहे. तींत पांचसहा शिवराया आणि व्हिक्टोरिया राणीचे दोन रुपये. नातवानें एके दिवशीं मोबाइलवर एक लिलाव दाखविला. वर्णन असें : “ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, एक आणा, राम दरबार, अतिदुर्मिळ, शंभर टक्के ओरिजिनल, जुन्या वाड्यांतील संग्रह.” १८१८ हें साल मराठी मनाला निराळें सांगावें लागत नाहीं, त्या सालीं पेशवाई बुडाली. त्यांतून नाण्यावर राम, सीता, लक्ष्मण आणि मारुति. म्हाताऱ्याचा जीव गुंतला. त्यांनीं बोली दिली. कोणा अज्ञातानें ती चढविली. यांनीं पुन्हां दिली. रात्रीं अकराच्या सुमारास अठरा हजार पांचशे रुपयांवर लिलाव त्यांच्या नांवें सुटला. हे रुपये पत्नीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठीं बाजूस ठेविलेले होते. परंतु अशाच नाण्याला दुसऱ्या एका ठिकाणीं लाखांची किंमत लावलेली त्यांनीं पाहिली होती. तेव्हां आठ दिवसांत नाणें विकून रक्कम दुप्पट करूं, असा त्यांचा हिशेब होता.

हा हिशेब कोठें चुकला, तें पाहण्यास नाणें हातीं येण्याचीही गरज नव्हती. वर्णनच पुरेसें होतें. १८१८ मध्यें कंपनीच्या मुलुखांत एकरूप नाणीं नव्हतींच. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांचीं नाणीं वेगळीं होतीं. सर्व मुलुखाला एकच नाणें लावणारा कायदा १८३५ सालीं झाला. त्या कायद्यानंतरच्या तांब्याच्या नाण्यांत अर्धा आणा, पाव आणा व आण्याचा बारावा हिस्सा हीं दिसतात. एक आण्याचें नाणें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत आलें, आणि तेंही तांब्याचें नव्हे, तांबें व निकेल यांच्या मिश्रणाचें. मद्रासेकडील कांहीं सोन्याच्या नाण्यांवर कंपनीनें तेथील जुन्या चालीप्रमाणें देवतांच्या आकृति ठेविल्या होत्या, हें खरें; परंतु राम दरबाराचा एक आणा कंपनीनें कधींच पाडला नाहीं. असल्याच कांहीं तुकड्यांवर १६१६ किंवा १७१७ असें साल आणि शेजारीं ‘यू. के.’ हीं अक्षरें असतात. ग्रेट ब्रिटन व आयर्लंड मिळून जें संयुक्त राज्य झालें, तें १८०१ सालीं! जन्मापूर्वींच नांव कोरलेलें असें हें नाणें आहे.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. पूजेसाठीं रामाच्या प्रतिमेच्या मुद्रा पाडण्याची चाल आपल्या देशांत जुनी आहे. त्यांना रामटंका म्हणतात. भाविकानें त्या देवघरांत ठेवाव्या, संग्राहकानें पूजामुद्रा म्हणून जमवाव्या. त्यांत खोटें कांहीं नाहीं. खोटेपणा शिरतो तो कंपनीचें नांव आणि साल कोरून त्यांना नाणें म्हणविण्यांत.

सर्वच फसवीं वर्णनें इतकीं ढोबळ नसतात. पुष्कळ वेळां नाणें खरें असतें आणि वर्णन मात्र त्याला नसती थोरवी चिकटवितें. याचें उत्तम उदाहरण शिवराईचें. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशीं अक्षरें असलेली ही तांब्याची नाणीं शिवाजी महाराजांनीं सुरू केलीं. परंतु महाराजांच्या मागें शाहू महाराजांच्या व पेशव्यांच्या काळांत निरनिराळ्या टांकसाळींतून तींच अक्षरें ठेवून तीं पाडलीं जात होतीं. अक्षरांच्या ओळींमध्यें दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई ही त्या उत्तरकाळांतील. असें असतां लिलावांतील बहुतेक प्रत्येक शिवराई ‘शिवकालीन’ असते आणि ‘महाराजांच्या हातून गेलेली’ असल्याचेंही कांहीं विक्रेते सुचवितात. दुदांडी शिवराई कमी मोलाची म्हणून टाकाऊ ठरत नाहीं. मराठी बाजारहाटाची ती खरी साक्षीदार आहे. परंतु पणतूला पणजोबा म्हणून उभा करणें हा पणतूचाही अपमानच. सोन्याच्या होनाविषयीं तर बोलावयासच नको. तो इतका विरळा आहे, कीं चार आंकडी रकमेला सहज मिळणारा होन नकली समजूनच पुढें जावें.

दुसरा भ्रम सालाचा. जुनें तें दुर्मिळ, असें सामान्य माणूस समजतो आणि वर्णन लिहिणारा त्या समजुतीवर पोट भरतो. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावरील १८४० हें साल त्यानंतर सुमारें वीस वर्षें तसेंच छापलें जात होतें, आणि १८६२ चें सालही पुढें कित्येक वर्षें कायम होतें. त्यामुळें हे रुपये विपुल आहेत. उलट १९३९ सालचा रुपया वयानें कितीतरी लहान, पण तोच खरा दुर्मिळ. म्हणून १९३८ च्या शेवटच्या आंकड्यावर कोरणी चालवून त्याचा १९३९ करणारेही निघाले. दुर्मिळता वयावर नसून किती नग पाडले आणि किती उरले, यावर असते.

तिसरा भ्रम धातूचा. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या रुपयांत बारा भागांपैकीं अकरा भाग चांदी असे. १९४० पासून युद्धकाळांत रुपया निम्म्या चांदीचा झाला. वजन तेंच, एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, पण चांदी अवघी ५.८३ ग्रॅम. १९४७ चा वाघाचा रुपया तर निव्वळ निकेलचा. तथापि या तिघांवर ‘प्युअर सिल्व्हर’ ही एकच चिठ्ठी लावलेली आढळते.

अवस्थेचें वर्णन हाही एक सापळाच आहे. ‘अनसर्क्युलेटेड’ म्हणजे जें नाणें कधींच हातोहात फिरलें नाहीं तें. पण चिंच लावून घांसलेल्या तांब्यालाही हें विशेषण बहाल केलें जातें. घांसण्यानें नाणें लखलखतें आणि त्याच्या अंगावर काळानें चढविलेली छटा कायमची जाते. जाणता संग्राहक अशा नाण्याला कमी किंमत देतो. घरांत जुनीं नाणीं असतील त्यांनीं देवाच्या भांड्यांबरोबर तीं कधींही घांसूं नयेत.

आणि नाण्याला जोडलेली कहाणी? ‘शेत नांगरतांना हंडा सापडला’ ही त्यांतली सर्वांत लोकप्रिय. ही कहाणी खोटी असेल तर विक्रेता लबाड ठरतो. खरी असेल तर तो कायदा मोडतो. कारण १८७८ च्या निखातनिधीच्या कायद्याप्रमाणें भूमींत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किंमतीच्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देणें बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनीं नाणीं तर १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्याखालीं येतात. तीं खासगी रीतीनें परदेशीं पाठवितां येत नाहींत.

याच फसवणुकीची दुसरी बाजूही आहे. येथें ठकतो तो विकणारा. वैष्णोदेवीची प्रतिमा असलेलीं पांच व दहा रुपयांचीं नाणीं सरकारनें २०१२ सालीं काढलीं. तीं लाखों रुपयांना घेऊं, असें सांगणारे भेटतात, आणि मग ‘नोंदणी’, ‘कर’, ‘दलाली’ या नांवांखालीं आधीं पैसे मागतात. कित्येक जण रिझर्व बँकेचें बोधचिन्हही वापरतात. बँकेनें ४ ऑगस्ट २०२१ रोजीं प्रसिद्धिपत्रक काढून बजाविलें, कीं अशा व्यवहारांशीं तिचा संबंध नाहीं आणि असें शुल्क गोळा करण्याचा अधिकार तिनें कोणासही दिलेला नाहीं. विकणाऱ्यानेंच पैसे भरावयाचे, हा उलटा बाजार दिसला कीं तेथून उठावें.

मग सामान्य माणसानें करावें काय? बोलीपूर्वीं नाण्याचें वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंचीं व कडेचीं छायाचित्रें मागावीं. वजन सांगण्यास जो कांकूं करतो, त्याच्या नाण्याविषयीं अधिक विचारण्याचें कारण उरत नाहीं. ‘आम्ही जाणकार नाहीं, चित्र पाहून ठरवा’ आणि ‘परत घेतलें जाणार नाहीं’ हीं दोन वाक्यें ‘शंभर टक्के ओरिजिनल’च्या शेजारीं आलीं, तर खरें बोलतात तीं तीं दोनच, असें समजावें. नाणें हातीं येतांच तें तोलावें. लोहचुंबक लावावा : चांदी व तांबें त्यास चिकटत नाहीं; १९४७ चा निकेलचा रुपया मात्र चिकटलाच पाहिजे. कडेवर सांध्याची रेघ दिसली तर नाणें सांच्यांत ओतलेलें आहे. चांदीचा जुना रुपया दोऱ्यानें पाण्यांत टांगून तोलला, तर त्याचें वजन सुमारें १.१३ ग्रॅमनें घटतें. याहून बरीच अधिक घट आली, तर धातु हलका आहे. शाळेंत शिकलेलें आर्किमिडीजचें तत्त्व म्हातारपणीं असें उपयोगी पडतें. एवढेंही करून फसगत झालीच, तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. धंदा म्हणून विकणाऱ्याचें नांव व पत्ता ग्राहकास कळविणें २०२० च्या नियमांनीं लिलाव चालविणाऱ्यावर बंधनकारक केलें आहे. तक्रारीसाठीं १९१५ आणि पैशांच्या सायबर फसवणुकीसाठीं १९३० हे दूरध्वनि क्रमांक आहेत. वर्णनाचें आणि संभाषणाचें चित्र मात्र आधींच जपून ठेवावें. लिलाव संपला कीं शब्दही पुसले जातात.

त्या कारकुनांनीं तें जपलें नव्हतें. गांवच्या सराफानें नाणें तळहातावर तोललें आणि कांहीं न बोलतां परत दिलें. त्या न बोलण्यांतच सर्व आलें. विक्रेत्याचें खातें तोंवर नाहींसें झालें होतें. शस्त्रक्रिया लांबणीवर पडली. “रामच घरीं आला म्हणायचा. अहो, आणखी दोन महिने अंधुक दिसेल, एवढेंच ना?” असें म्हणून पत्नीनें विषय मिटविला, पण त्यांना घांस गिळेना.

तेव्हां नातवानें उपाय सुचविला. “आबा, आपणही लिलाव लावूं. आपल्याला कांहीं खोटें रचायचें नाहीं. त्यांचेच शब्द पुन्हां लिहायचे.”

म्हाताऱ्यानें मोबाइल हातांत घेतला. शब्द तोंडपाठ होते. अठरा हजार पांचशे रुपयेही त्या शब्दांच्या पलीकडे दिसत होते. आपल्यासारखाच कोणी तरी, कोठल्या तरी गांवीं, रात्रीं अकरा वाजतां चष्मा पुसून तीं अक्षरें वाचील, हेंही दिसलें. त्यांनीं मोबाइल खालीं ठेविला आणि नातवाला म्हणाले, “बाळ, ते शब्द त्याचे होते तोंवर पाप त्याचें. मी लिहिले कीं ते माझे.”

मग त्यांनीं जुन्या कचेरीच्या वळणदार अक्षरांत एक चिठ्ठी लिहिली : “हें नाणें नव्हे. रामाचा टाक. अलीकडे केलेला. १८१८ शीं संबंध नाहीं.” चिठ्ठी खालीं आणि टाक वर, असें तें देवघरांत ठेवून दिलें. त्यांच्या मागें ती डबी जो उघडील, त्याला शिवराया, रुपये आणि रामाचा टाक यांपैकीं काय कोणतें, हें विचारीत हिंडावें लागणार नाहीं. त्या नाण्याचें खरें वर्णन त्या दिवशीं प्रथमच लिहिलें गेलें.