पंचांचा पावसाळा

फुटबॉलच्या एका सामन्यात मुख्य पंच साधारण दहा ते बारा किलोमीटर धावतो. खेळाडू दमला तर बदली खेळाडू येतो. पंचाला ती सोय नाही. आणि पाय जड होतात ते नेमके शेवटच्या पंधरा मिनिटांत, पेनल्टीवरून वाद पेटायच्या वेळी. चाळीस मीटर मागे राहून दिलेला निर्णय बरोबर असला तरी कुणाला पटत नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आपले बहुतेक पंच नोकरी सांभाळून हे काम करतात. मोसम तोंडावर आला की घाईघाईनं पळायला लागायचं आणि पोटरी धरून बसायचं, हे नेहमीचंच. ज्यांचे सामने हिवाळ्यात सुरू होतात, त्यांनी तयारी पावसाळ्यातच सुरू करावी असं मी आग्रहानं सांगतो.

मोसम संपल्यावर आधी दोन-तीन आठवडे शिट्टी विसरा. चाला, सायकल चालवा, जुनी दुखणी तज्ज्ञाला दाखवा. मग जुलै-ऑगस्टमध्ये मैदानात चिखल असतो, तेव्हा ताकद कमवा. आठवड्यातून दोनदा बैठका, एका पायावर टाचा उचलणं, आणि मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी एक खास व्यायाम: गुडघ्यांवर बसा, जोडीदाराला घोटे दाबून धरायला सांगा आणि पाठ सरळ ठेवून सावकाश पुढे झुका. सुरुवातीला दोन-चार वेळाच करा. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना माझी आठवण येईल! जोडीला आरामात, बोलता येईल अशा वेगानं धावणं.

सप्टेंबरपासून वेग. फिफाच्या पुरुष पंचांना चाचणीत चाळीस मीटरच्या सहा धावा, प्रत्येकी सहा सेकंदांत काढाव्या लागतात. त्यानंतर पंचाहत्तर मीटर पंधरा सेकंदांत धावायचं, पंचवीस मीटर अठरा सेकंदांत चालायचं, असं चाळीस वेळा. जिल्हा पातळीवर एवढं नको. याच पद्धतीनं दहा फेऱ्यांपासून सुरुवात करा आणि दर आठवड्याला थोड्या वाढवा. पंच सरळ रेषेत फार कमी पळतो, हे मात्र लक्षात ठेवा. उलटं धावणं, बाजूला सरकत जाणं, अचानक वळणं याचाही सराव हवा. साहाय्यक पंचांना तर बाजूला सरकण्याचा सराव जास्तच लागतो.

मोसम सुरू झाला की सराव कमी करायचा. आठवड्यात दोन सामने असतील तर तोच व्यायाम समजा. मध्ये एक दिवस ताकदीसाठी थोडा वेळ पुरे. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी हलकं चालणं. मार्च-एप्रिलच्या दुपारच्या सामन्यांसाठी पाणी सकाळपासूनच थोडं थोडं पीत राहा. मध्यंतरात एकदम बाटली संपवून फायदा होत नाही.

पस्तिशी ओलांडलेल्यांनी हे सगळं सुरू करण्यापूर्वी रक्तदाब, साखर आणि ईसीजी तपासून घ्यावा. धावताना छातीत दडपण वाटलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथंच थांबून डॉक्टरांकडे जावं, अगदी फायनलचा सामना असला तरी.