गाठीची चिठ्ठी



जालन्याला बियाण्याचा व्यवहार शिकवावा लागत नाही. पिशवीवरच्या चिठ्ठीत उगवणशक्ती शेकडा 75 लिहिलेली असते. ती साऱ्या ढिगाविषयी बोलते; मुठीतला अमुक दाणा उगवेलच, असे सांगत नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात डॉक्टर ज्या जनुकीय खुणा पाहतात, त्या याच जातीच्या आहेत.

पेशी दुभंगताना जनुकांची नक्कल होते व नकलेत चुका राहतात. त्या दुरुस्त करणारी चार प्रथिने प्रमुख : एमएलएच1, पीएमएस2, एमएसएच2 आणि एमएसएच6. सुमारे शेकडा 15 गाठींत ही दुरुस्ती बंद पडलेली असते. नवल असे की, रोग रसग्रंथींपर्यंत पोचलेला नसेल, तर अशा रोग्यांचे भवितव्य इतरांहून बरे असते. आणि शस्त्रक्रियेनंतर नुसत्या फ्लुरोयुरॅसिलचा त्यांना फारसा लाभ होत नाही. रोलिंग मिलमधल्या कंत्राटी कामगाराला याचा अर्थ लगेच कळेल. कित्येक महिन्यांचे खाडे आणि कर्ज एका परीक्षेने वाचू शकते. उलट, पसरलेल्या रोगात बीरॅफ जनुकाचा व्ही600ई हा बदल सापडला, तर ते लक्षण वाईट.

या विद्येची पहिली खबर कोणी दिली? अमेरिकेत मिशिगन येथे 1895 साली एका शिवणकाम करणाऱ्या बाईने डॉ. वॉर्थिन यांना सांगितले की, आमच्या घरची माणसे कर्करोगानेच जातात, मीही तशीच जाणार. ती तशीच गेली. वॉर्थिन यांनी त्या कुळाची हकीकत 1913 साली छापली. 1966 पासून डॉ. हेन्री लिंच यांनी हा अभ्यास पुढे नेला. एका कष्टकरी बाईने आपल्या घरातील मृत्यू मोजले होते, हे आम्ही विसरू नये.

कापलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपतात. ही परीक्षा त्यावरच होते. म्हणून घरच्यांनी ती झाली का, असे विचारावे. प्रथिन नाहीसे दिसले म्हणजे दोष कुळाचाच, असे नव्हे. पुष्कळदा तो त्या गाठीपुरता असतो. रक्तपरीक्षेने तो कुळाचा ठरला, तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याचा संभव निम्मा. मात्र वर्षा-दोन वर्षांनी दुर्बिणीने आतडे तपासले, तर कोंब कर्करोग होण्याआधीच काढता येतो.

आमचे मागणे दोन आहेत. ही परीक्षा गरिबाच्या गाठीचीही व्हावी. आणि तिचा कागद रोग्याच्या व डॉक्टरांच्या हाती राहावा, मालकाच्या हाती नव्हे. जन्माने मिळालेल्या अक्षरांवरून कोणाची मजुरी तुटता कामा नये.